तीन मॅच आणि कोच घरी?

आपली टीम लागोपाठ दोन मॅच हरली की कॉमेंट्समध्ये पहिलं वाक्य काय येतं? ‘कोचला काढा!’ आयएसएल असो, प्रीमियर लीग असो, नाहीतर तुमच्या कॉलेजची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघालेली टीम असो, मागणी तीच. आमचं म्हणणं एवढंच, की ते टाइप करण्याआधी 2018-19 चा आयएसएल हंगाम एकदा आठवा. महाराष्ट्राच्या दोन टीम्स त्यात होत्या. दोघीही सुरुवातीलाच ठेचकाळल्या आणि दोघींनी दोन वेगळे रस्ते धरले.

एफसी पुणे सिटी आदल्या हंगामात सेमीफायनल खेळलेली टीम. मिगेल अँजेल पोर्तुगाल हे नवे कोच आले. दिल्लीशी 1-1, 19 ऑक्टोबरला मुंबईकडून 0-2 आणि 22 तारखेला घरच्या मैदानावर, बालेवाडीत, बंगळुरूकडून 0-3. झालं! तीन मॅचनंतर कोचसाहेब बाहेर. मग क्लबमधलेच प्रद्युम रेड्डी तात्पुरते आले, डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राऊन आले. एका हंगामात तीन कोच.

मुंबई सिटीचं काय बरं चाललं होतं? पहिलीच मॅच घरात जमशेदपूरकडून 0-2 हरले. 24 ऑक्टोबरला गोव्याने 5-0 ने धुतलं. पाच गोल! तरी जॉर्जे कोस्टा जागेवरच राहिले. टीम मागे घट्ट बसायला शिकली आणि चेंडू मिळाला की मोडू सूगूच्या वेगावर पुढे निघायला लागली. त्यानंतर डिसेंबरच्या मध्यात लीगला ब्रेक लागेपर्यंत मुंबई एकही मॅच हरली नाही. ब्रेकआधीच्या शेवटच्या मॅचमध्ये केरला ब्लास्टर्सला 6-1, त्यात एकट्या सूगूचे चार. (त्याच आठवड्यात केरळाचे कोच डेव्हिड जेम्स गेले, हा भाग वेगळा.) शेवटी मुंबई 30 गुणांवर तिसरी, पुणे 22 गुणांवर सातवं. सेमीफायनलमध्ये त्याच गोव्याने मुंबईला त्यांच्याच घरात पुन्हा 5-1 हाणलं, तेव्हा गोष्ट अगदी गोड नाही. पण तिथवर पोचले की नाही?

आता जरा तारखा बघा. 19 आणि 22 ऑक्टोबर. मधल्या दिवसांत सराव किती होत असेल? मॅचच्या दुसऱ्या दिवशी विश्रांती आणि मालिश, पुढच्या मॅचच्या आदल्या दिवशी हलकी धावपळ. नवा कोच कितीही हुशार असला तरी एवढ्यात नवी पद्धत बसत नाही. हंगाम सुरू असताना जमतं ते छोटं काम. कॉर्नरला कोण कोणाला धरणार, दोन बचावपटूंमधलं अंतर किती, थकलेल्याला बाकावर बसवून दुसऱ्याला संधी. जानेवारीत खेळाडू घेण्याची मुभा मिळते, तेव्हा एखादं भोक बुजवता येतं.

पुरुषोत्तमनगरच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याला हंगाम हा शब्द सातपुडा तापी कारखान्याच्या भोंग्यासोबत कळतो. गळीत ऐन भरात असताना मिल अडली, तर आधी कुठे अडलं ते शोधतात, तेवढंच दुरुस्त करतात आणि ऊस पुन्हा आत जायला लागतो. अख्खी मशिनरी उघडायची ती हंगाम संपल्यावर. कॉलेजच्या टीमला मात्र आपण हे लावत नाही. पहिली मॅच हरली की कॅप्टन बदल, गोलकीपर बदल, सर बदला!

कोच कधीच बदलू नये, असं नाही. 2020 मध्ये एफसी गोवाने टॉपवर असताना सर्जिओ लोबेरांना काढलं, क्लबमधलेच क्लिफर्ड मिरांडा आले आणि लीग शील्ड जिंकून दिली. पण मिरांडांना प्रत्येक खेळाडू माहीत होता. पुण्याचा पहिला विजयही, जमशेदपूरवर 2-1, घरच्याच रेड्डींच्या हाताखाली आला होता.

ओरडून टीम सुधारते असं वाटत असेल, तर फिल ब्राऊन यांचाच जुना किस्सा ऐका. 26 डिसेंबर 2008, हल सिटी हाफटाइमला मँचेस्टर सिटीकडून 0-4 मागे. ब्राऊननी खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये नेलंच नाही, मैदानावरच बसवून प्रेक्षकांसमोर झापलं. तोवर झकास चाललेल्या हलला त्यानंतर लीगमध्ये फक्त एक विजय मिळाला. शेवटच्या दिवशी कसेबसे वाचले.

2019 मध्ये पुणे सिटी क्लब बंद पडला. कारण पैशाचं होतं, कोचचं नाही. ती जागा हैदराबाद एफसीने घेतली, ब्राऊनही तिकडेच गेले. जानेवारी 2020 मध्ये, पुन्हा ऐन हंगामात, त्यांना काढलं आणि टीम तळाशी राहिली. नंतर मानोलो मार्केझ आले. त्यांच्या पहिल्या हंगामात टीम पाचवी आली, म्हणजे प्लेऑफही हुकला. तरी त्यांना ठेवलं. मार्च 2022 मध्ये हैदराबाद चॅम्पियन झालं. बालेवाडीत भगव्या-नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या ‘ऑरेंज आर्मी’ला ती फायनल टीव्हीवर, दुसऱ्याच शहराच्या नावाने बघावी लागली.