नवा फोन आला, आता बिऱ्हाड हलवा!

मैत्रिणींनो, नवा मोबाईल घरात आला की पहिले दोन दिवस कौतुकाचे आणि पुढचे आठ दिवस वैतागाचे! पडदा मोठा, फोटो स्वच्छ, पण मेला हातातून साबणाच्या वडीसारखा निसटतो. तेव्हा कव्हर आधी, कौतुक मागून. खालची तीन बटणं कुठेतरी गडप झालेली असतात आणि मागे जायला कडेवरून बोट ओढा म्हणतात. जमत नसेल तर हट्ट नको. सेटिंगमध्ये ‘नेव्हिगेशन’ शोधलंत की बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती बटणं परत मिळतात. अक्षरंही ‘डिस्प्ले’मध्ये जाऊन मोठी करून घ्यावीत, उगाच डोळे ताणू नयेत.

अंगठ्याचं कुलूप मात्र आपल्याशी जरा वाकडंच वागतं. भांडी-धुणं करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यात हात निम्मा वेळ ओला. हात कोरडे करून एकच अंगठा दोन वेळा नोंदवून ठेवा, पुष्कळ फरक पडतो. चार्जरचंही दुकानातच विचारून घ्यावं. हल्ली पुष्कळदा खोक्यात तो नसतोच, आणि जुन्या फोनची पिन नव्याला बसेलच असं नाही.

पण हे सगळं वरवरचं. खरं काम आहे ते जुन्या फोनमधलं बिऱ्हाड हलवण्याचं. घर बदलताना आपण लोणच्याची बरणीसुद्धा दुसऱ्याच्या हाती देत नाही, आणि इथे मात्र चिरंजीव दहा मिनिटांत ‘सगळं करून’ देतात! माझ्या एका मैत्रिणीच्या लेकाने आईच्या नव्या फोनवर स्वतःचंच गूगल खातं घातलं. मग काय, त्याच्या ऑफिसातल्या साहेबांचे नंबर हिच्याकडे आणि हिचा दूधवाला, गॅसवाला त्याच्याकडे. पुढे त्याने जागा मोकळी करायला म्हणून फोटो पुसले, त्यात हिच्या नातीच्या बारशाचे फोटोही गेले. म्हणून सांगते, खातं आपल्या नावाचं हवं आणि त्याचा पासवर्ड आपल्याला पाठ हवा. मुलांची मदत जरूर घ्यावी, पण बोट आपलं चालवावं.

व्हॉट्सॲपचं तर फारच जपून. कुणाच्या आईचा आवाज आता फक्त त्यातच उरलेला असतो. दोन्ही फोन अँड्रॉइड असतील तर ते शेजारी ठेवावेत, वायफाय चालू असावं. जुन्यावर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’, आणि त्यात ‘ट्रान्सफर चॅट्स’. नव्यावर जो चौकोनी ठिपक्यांचा कोड येतो, तो जुन्याने टिपायचा. नव्या फोनवर जुने संदेश आणायचे का असं विचारतात, तिथे घाईने ‘स्किप’ दाबलंत की पाटी कोरी! सगळं आलं का, हे एखादा जुना आवाज प्रत्यक्ष ऐकून पाहावं. तोवर जुन्या फोनला हात लावू नये.

आता पैशांचं. यूपीआय नव्या फोनवर चालू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं, कारण त्यावरून एक एसएमएस आपोआप बँकेकडे जातो. रिचार्ज संपलेला असेल तर तो जात नाही आणि आपण उगाच फोनला बोल लावतो. जुना पिन तसाच चालतो. पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही, तेव्हा वाणसामानाचं बिल त्याच दिवसावर ठेवू नका.

इथेच कितीजणींना प्रथम कळतं की खातं आपलं, पण बँकेत नंबर यजमानांचा! पगार, शिवणाचे पैसे, भिशी, सगळं आपलं, आणि निरोप मात्र त्यांच्या खिशात वाजतो. यात भांडणाचं काही नाही. खातं उघडलं तेव्हा आपल्याकडे फोनच नव्हता, एवढंच. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जावं, नंबर बदलण्याचा अर्ज भरावा. नवा फोन हे निमित्त चांगलं आहे, “त्याशिवाय चालू होत नाही हो” म्हणून सांगायला सोपं! आणि पिन पैसे देतानाच लागतो, घेताना कधीच नाही. घेण्यासाठी पिन मागणारा भामटाच समजावा.

जुना फोन लगेच काढू नये. पंधरा दिवस कपाटात राहू द्या, काही राहिलं असेल तर आठवतं. मग गूगल खातं काढून ‘फॅक्टरी रीसेट’ करावं. दारावर टब-बादलीच्या बदल्यात जुने मोबाईल मागायला येतात, बोहारणीला जुनं लुगडं द्यावं तसा फोन त्यांना देऊ नका. लुगड्यात बँक नसते, बाई!

नव्या फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलंत की 15 आकडी आयएमईआय नंबर दिसतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून, सरकारने 2023 मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’वर तो बंद करवता येतो, तेव्हा हा नंबर लागतो. कालनिर्णयच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलात तरी चालेल. पिन मात्र तिथे नको हं!