बटणालाही नाव हवं

गाणं हा कानांचा विषय, अशी आपली आपली समजूत. पण आजकाल गाणं ज्या संगणकावर तयार होतं, तिथे सगळा कारभार डोळ्यांचा! आवाजाची नागमोडी रेघ बघायची, माऊसने नेमकी कापायची, चित्रातली बटणं फिरवायची. ज्याला दिसत नाही त्याचा कान कितीही तयार असो, तो दारातच अडतो.

रवींद्र जैन यांना जन्मापासून दिसत नव्हतं. तरी १९७६ च्या 'चितचोर'मधल्या त्यांच्या चाली आपण अजून गुणगुणतो. तेव्हा संगीतकाराने चाल बांधायची, वादकांनी वाजवायचं आणि यंत्राची बटणं ध्वनिमुद्रकाने सांभाळायची, अशी वाटणी होती. आता चाल, वाद्यं, मिक्सिंग सगळं बऱ्याचदा एकच माणूस संगणकासमोर बसून करतो. त्यामुळे ते सॉफ्टवेअर वापरता आलं नाही तर पोटावरच पाय येतो.

उपाय नाही असं मुळीच नाही. दृष्टिहीन माणसं स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्रॅम बोलून दाखवतो. मात्र कोणतं बटण कशाचं, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने त्याला कळवायला हवं. नुसतं चित्र काढून ठेवलं तर तो बिचारा 'बटण, बटण' म्हणत राहतो, नाहीतर गप्पच बसतो. आम्हा शिक्षकांच्या भाषेत सांगायचं तर वर्ग भरलाय, पण हजेरीपटावर नावंच नाहीत!

'एनव्हीडीए' हा मोफत स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला. जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघंही दृष्टिहीन. पुढे टेह यांनीच 'रीपर' या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला बोलतं करणारी जोड तयार केली, तीही मोफत. तिचं नाव 'ओसारा'. मला आपली ओसरीच आठवली, कुणीही येऊन टेकावं अशी!

उलट 'एबलटन लाइव्ह' हे नावाजलेलं सॉफ्टवेअर आलं २००१ मध्ये आणि त्यात स्क्रीन रीडरची सोय झाली २०२४ मध्ये, बाराव्या आवृत्तीत. केली हे चांगलंच केलं. पण तेवीस वर्षांत एखाद्या मुलाचं शिक्षण, उमेदवारी सगळं होऊन जातं हो!

'अशी गिऱ्हाइकं असून असून किती?' असं कोणी म्हणेल. मला हा हिशोबच पटत नाही. अंध मुलगा छान गातो म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. गाणं शेवटी कसं ऐकू यावं हे ठरवायची खुर्ची मात्र डोळसांची. बटणांना नावं पहिल्याच दिवशी दिली तर काम थोडक्यात होतं. वीस वर्षांनी द्यायची म्हणजे बांधलेलं घर उकरणं. आणि यात दया कसली? अर्धवट सोडलेलं काम पुरं करायचं, इतकंच.

असो. आपल्या घरोघरी मुलं, सुना, जावई सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांना माझं एकच सांगणं : तुम्ही केलेला प्रोग्रॅम एकदा पडदा झाकून, नुसत्या कानांनी चालवून बघा. कुठे अडता ते लगेच कळेल.