दोन प्रती आहेत. निवाडा कोण करणार?

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईतले व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारपर्यंत सुरू झाले नाहीत. आग लागली नव्हती की पूर आला नव्हता. एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य डेटा सेंटर आणि जवळचे पर्यायी केंद्र यांच्यामधल्या रस्त्यावर खोदकाम आणि बांधकाम चालू होते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक डळमळीत झाल्या. सौदे जुळवणारी यंत्रणा तेव्हाही धडधाकट होती. पण लिंक तुटल्यावर सॅन, म्हणजे सगळ्या सर्व्हरांचे सामाईक स्टोरेज, अनपेक्षित वागले आणि मुख्य केंद्रातल्या सर्व्हरांनाच आपला डेटा मिळेनासा झाला. क्लिअरिंगची जोखीम तपासणारी प्रणाली त्यावरच उभी होती. ती बंद पडल्यावर बाजार चालू ठेवणे शक्यच नव्हते. संकटात कामकाज चालू राहावे म्हणून डेटाची दुसरी प्रत ठेवली, आणि ती ठेवण्याच्या व्यवस्थेतूनच कामकाज बंद पडले. सर्व्हर क्लस्टर दोन ठिकाणी पसरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने या घटनेचा नीट अभ्यास केला पाहिजे.

असे का होते, हे समजायला मिररिंगचा, म्हणजे डेटाची हुबेहूब प्रत दुसऱ्या केंद्रात ठेवत राहण्याचा, एकच नियम पुरतो. सिंक्रोनस पद्धतीत प्रत्येक नोंद दोन्ही केंद्रांत लिहिली गेल्याशिवाय ‘झाली’ अशी पोच मिळत नाही. मधली लिंक तुटली की या केंद्राला पलीकडून उत्तर येत नाही; पण पलीकडचे केंद्र बंद पडले आहे की फक्त तार तुटली आहे, हे इथे बसून कळायला मार्ग नसतो. लिहिणे थांबवावे, तर सेवा बंद. एकट्यानेच पुढे जावे, तर पलीकडचे केंद्रही तेच करत असण्याची भीती. समजा, खात्यात दहा हजार रुपये आहेत. एका केंद्राने त्यातून सहा हजार दिले, दुसऱ्यानेही सहा हजार दिले. दोन्हीकडच्या नोंदी आपापल्या जागी बिनचूक, आणि दोन्ही मिळून खोट्या. स्प्लिट-ब्रेन म्हणतात ते हेच. लिंक परत जोडल्यावर यातली कुठली नोंद खरी मानायची, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की दुसरी प्रत विकत घेणे हा या कामातला सोपा भाग आहे. खरी सुरक्षितता निवाड्यात असते: लिंक तुटल्यावर मालकी कोणाकडे राहणार, ते कोण ठरवणार आणि हरलेल्या बाजूला लिहिण्यापासून कोण रोखणार. यासाठी तिसऱ्या जागी विटनेस लागतो. दोन केंद्रे आणि विटनेस अशी तीन मते. ज्याच्याकडे दोन, ते चालू राहणार आणि उरलेले स्वतःहून थांबणार. विटनेस दोनपैकी एका केंद्रातच ठेवला, तर ते केंद्र बंद पडताच दोन मते एकदम जातात आणि वाचलेले केंद्रही थांबते. तिसरी जागा परवडत नाही, असा आक्षेप नेहमी येतो. पण विटनेस डेटा साठवत नाही, त्याला फक्त मत द्यायचे असते. एखाद्या शाखेतले छोटे यंत्र किंवा क्लाउडमधली लहानशी सेवा त्याला पुरते. तो मात्र वेगळ्या वाटेने जोडलेला हवा. तोच खणलेला रस्ता त्याच्याही वाट्याला आला, तर उपयोग शून्य.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्राने आपोआप सूत्रे हलवली तर अनर्थ होतो, असे अनुभवी प्रशासक म्हणतात. गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबची जोडणी ४३ सेकंद तुटली. यंत्रणेने बहुमत मोजून डेटाबेसची मालकी पश्चिम किनाऱ्याकडे दिली. पण पूर्वेतल्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. तिथे बहुमत होते, उणीव होती ती प्रतीच्या ताजेपणाची. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवर जाऊन यायलाच दहा मिलिसेकंद. प्रत्येक नोंदीमागे एवढे थांबणे वेगवान व्यवहारांना परवडत नाही, म्हणून लांबची प्रत मागेच राहते. तेव्हा आक्षेप अर्धा मान्य करावा: जवळच्या, सिंक्रोनस केंद्राकडे विटनेसच्या आधारे आपोआप जावे, दूरच्या केंद्राकडे जाण्याचा निर्णय माणसाने घ्यावा. पण तो माणूस आणि त्याची मुदत आधीच लिहून ठेवलेली हवी. बाजार नियामक सेबीने मार्च २०२१ मध्ये बाजारांवर हेच बंधन घातले: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करा.

आणि सराव? चालू यंत्रणेची लिंक मुद्दाम तोडणे धोक्याचे आहे, हे खरेच. पण तो धोका तुम्ही निवडलेल्या दिवशी, सगळी माणसे जागेवर असताना येतो. न केलेल्या सरावाचा धोका स्वतःचा दिवस निवडतो. एनएसईने २ मार्च २०२४ च्या शनिवारी खास सत्र ठेवून आधी मुख्य केंद्रातून आणि मग आपत्कालीन केंद्रातून प्रत्यक्ष सौदे चालवले. शेअर बाजाराला जे जमते, ते जिल्हा सहकारी बँकेला किंवा मोठ्या रुग्णालयाला न जमण्याचे कारण नाही. शिवाय मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात ठेवावे: चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या केंद्रातूनही त्याच क्षणी पुसली जाते.

तुमच्या संस्थेत दोन केंद्रांचा प्रस्ताव आला, तर सही करण्याआधी पुरवठादाराला तीन प्रश्न विचारा: विटनेस कुठे आहे, दूरच्या केंद्राकडे जायचा आदेश कोण देणार, आणि लिंक तोडून चाचणी शेवटची कधी झाली. तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नका.