मुदत कोणाच्या हाती?

अमेरिकेच्या नागरिकाशी अथवा कायम निवाश्याशी विवाह करून त्या देशी गेलेल्या पत्नीला वा पतीला, निवासाचा हक्क मिळतेवेळी विवाहास दोन वर्षे पुरी झालेली नसतील तर, तो हक्क सशर्त मिळतो, आणि दोन वर्षांच्या अखेरीस ती शर्त दूर व्हावी म्हणून उभयतांनी मिळून याचिका गुदरावी लागते, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. केवळ निवासहक्काच्या लोभाने लावल्या जाणाऱ्या खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठी १९८६ साली हा कायदा झाला, आणि तेव्हापासून आय-७५१ हा अर्ज आपल्या व्यवसायात नित्याचा होऊन बसला. परंतु जे नित्याचे होते त्याविषयीच आपली जागरूकता आधी मंदावते, म्हणून या अंकी त्याच्या मुदतीविषयी, आणि ती मुदत खरोखर कोणाच्या हाती असावी याविषयी, चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मुदतीचा हिशेब दिसावयास सोपा, पण पहिली चूक तेथेच होते. दोन वर्षे मोजावयाची ती लग्नतिथीपासून नव्हेत, आणि कार्ड टपालाने घरी आले त्या दिवसापासूनही नव्हेत. स्थलांतराचा व्हिसा घेऊन आलेल्या व्यक्तीस ज्या दिवशी प्रवेश मिळाला, किंवा अमेरिकेतच राहून दर्जा बदलून घेतलेल्या व्यक्तीचा अर्ज ज्या दिवशी मंजूर झाला, त्या दिवसापासून ती चालू होतात. संयुक्त अर्जास मिळतात ते दुसऱ्या वर्षाच्या अखेरचे ९० दिवस. ज्या कार्डावर २० ऑगस्ट २०२६ ही तारीख छापलेली आहे, त्याचा अवधी २२ मे रोजी सुरू होतो. ‘तीन महिने आधी’ अशा ढोबळ हिशेबाने २० मे रोजी पोहोचवलेला अर्ज दोन दिवसांच्या घाईपायी परत येण्याची धास्ती असते. उलट, अखेरच्या आठवड्यात धाडलेल्या अर्जावर जोडीदाराची सही राहून गेली, तर परत आलेल्या त्या अर्जाची पहिली तारीख ग्राह्य धरली जात नाही, आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते.

मुदत उलटली की सशर्त हक्क आपोआप संपुष्टात येतो आणि देशाबाहेर काढण्याच्या कारवाईस वाट मोकळी होते. सबळ कारण लेखी दाखवून उशिराचा अर्ज देता येतो खरा, पण तो मान्य करणे न करणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. आणि ही सारी आपत्ती कोसळते ती दोघांपैकी एकावरच: कायदा सह्या दोघांच्या मागतो, शिक्षा मात्र एकालाच करतो.

आमच्या कार्यालयात वारंवार दिसणारे एक दृश्य येथे सांगतो. नवरा-बायको समोर बसलेली असतात. कार्डावरची तारीख विचारली की नवरा खिशातून फोन काढतो आणि त्यातले छायाचित्र पुढे करतो. मूळ कार्ड कोठे आहे असे तिला विचारावे, तर ‘यांच्याकडे, कपाटात,’ एवढे बोलून ती गप्प होते. यात नवऱ्याचा काही वाईट हेतू असतोच असे नाही. घरातले सरकारी कागद एकाने सांभाळावेत ही आपल्याकडची जुनी रीत, ती पुण्या-साताऱ्याहून न्यू जर्सीस सामानाबरोबरच गेलेली असते. परंतु आपण व्यवसायीही तीच रीत पुढे चालवतो, हे मात्र अक्षम्य आहे. आपल्या दप्तरी तारीख बिनचूक नोंदलेली असते, आणि स्मरणपत्र जाते ते नवऱ्याच्या ईमेलवर.

संसार सुरळीत चालला असेल तर एवढ्याने काही बिघडत नाही. पण दोघांचे फाटले, नवऱ्याने सही नाकारली, किंवा ‘सही करणार नाही’ ही घरातली रोजची धमकी झाली, म्हणजे जिला मुदत ठाऊक नाही आणि मुदतीपलीकडची वाटही ठाऊक नाही, ती त्या धमकीपुढे मान तुकवते. वस्तुतः निष्ठेने केलेला विवाह घटस्फोटाने संपला असेल, तिचा छळ झाला असेल, किंवा देश सोडावा लागल्यास तिच्यावर पराकाष्ठेचे संकट ओढवणार असेल, तर एकटीच्या सहीने सवलतीचा अर्ज करता येतो. छळाची सबब १९९० च्या कायद्याने त्यात जोडली गेली, आणि या सवलतींना ९० दिवसांचे बंधन नाही. जोडीदार मृत्यू पावला असेल तरी तिला एकटीने अर्ज करता येतो. हे तिला पहिल्या भेटीतच, एकटीशी बोलून, तिच्या भाषेत सांगणे हे आपले कर्तव्य होय. आणि दोघांचे हितसंबंध परस्परविरुद्ध होताच दोघांचीही वकिली एकाच हाताने करू नये, हेही तितकेच खरे.

पुराव्याची गोष्ट याहून निराळी नाही. घरभाड्याचा करार, बँकेचे खाते, विमा, कर-विवरणपत्र यांवर दोघांची नावे असावीत असे आपण म्हणतो ते शेवटच्या महिन्यात, आणि तेव्हा घाईने जोडलेले नाव अधिकाऱ्याच्या नजरेस खुपते. तीच नावे पहिल्या महिन्यात चढली, तर याचिकेस बळकटी येते आणि त्या बाईच्या हातीही काही राहते. तसेच अर्ज पोहोचल्याची पावती: २०२३ पासून ती कार्डाची वैधता ४८ महिन्यांनी वाढवते, म्हणून मुदत संपलेल्या कार्डाबरोबर ती नोकरीच्या ठिकाणी आणि परतीच्या प्रवासात दाखवावी लागते. ही पावती जिची, तिच्याचजवळ असावी. आणि घर बदलल्यास दहा दिवसांच्या आत नवा पत्ता कळवावयाचा, हेही तिने स्वतः जाणावे.

म्हणून आमची व्यवसायबंधूंस आणि भगिनींस एवढीच विनंती आहे की, कार्ड आल्यानंतरच्या पहिल्या भेटीत ते जिचे आहे तिच्या हाती द्यावे, त्यावरची तारीख तिच्याकडूनच मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि अवधी उघडण्याचा व संपण्याचा असे दोन्ही दिवस तिच्याच हस्ताक्षरात, तिच्याच वहीत लिहवून मगच तिला निरोप द्यावा.