फलक आमच्या योजनेचा, बिल त्यांच्या खिशात



मागच्या वर्षी आमच्या वस्तीत सिमेंटचा रस्ता आणि गटार झालं. कोपऱ्यावर फलक लागला. वर योजनेचं नाव, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्तीचा विकास. खाली ठेकेदाराचं नाव, तालुक्यातल्या एका प्रस्थापित घराण्यातलं. निधी आमच्या नावाचा, वस्ती आमची, आणि ठेका त्यांचा.

पण काम केलं कुणी? आमच्याच अभ्यासिकेत वाढलेल्या एका पोरानं. सिव्हिलचा डिप्लोमा, नोकरी नाही. मिक्सर भाड्यानं आणला, सिमेंट उधारीवर उचललं, मजूर वस्तीतलेच. कागदावर तो कुठेच नाही. पोटठेकेदार! मुख्य ठेकेदार चौदा महिने त्याला एकच सांगत राहिला, "वरून निधी आला नाही." सिमेंटवाला रोज दारात बसायला लागला तेव्हा आईनं कानातलं मोडलं.

तो मला म्हणाला, "ताई, कायदा असेल ना काहीतरी?"

मी समाजशास्त्राची. पण वाचायला बसले. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006. कलम 15 सांगतं की छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. लेखी मुदत ठरली नसेल तर 15 दिवसांत. कलम 16 सांगतं की उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. दाद मागायला सुविधा परिषद. तिच्या आदेशाविरुद्ध कोर्टात जायचं तर देणेकऱ्याला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. इतका कडक कायदा! वाचून क्षणभर वाटलं, सुटलो.

मग अटी वाचल्या.

पहिली, उद्यम नोंदणी हवी, आणि तीही कामाच्या आधीची. नंतर नोंदणी करून मागच्या व्यवहाराचा लाभ मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021 आणि 2022 च्या निकालांत म्हटलं आहे. आमच्या पोराची नोंदणी नव्हती. दुसरी, हा कायदा माल बनवणाऱ्याचा आणि सेवा देणाऱ्याचा. रस्ता, गटार, इमारत म्हणजे 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट'. ते या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिले आहेत. इतर काही न्यायालयांचा सूर वेगळा आहे, पण गावातल्या पोरानं त्या वादात किती वर्षं घालवायची? तिसरी, व्यापारी. 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. वसतिगृहाला गाद्या, शाळेला बाकं पुरवणारा आमचा माणूस थकबाकीच्या संरक्षणाबाहेरच. आणि पोटठेकेदार? मुख्य ठेकेदाराला 'खरेदीदार' ठरवून भांडता येईल, पण हातात लेखी कागद लागतो. इथं सगळा व्यवहार फोनवर आणि चहाच्या टपरीवर.

आता जरा नीट बघा. आमच्या समाजातला पहिल्या पिढीचा माणूस धंद्यात कुठल्या दारानं शिरतो? त्याच्या आजोबाकडे जमीन नव्हती, बापाकडे गाळा नव्हता, तारण ठेवायला काही नव्हतं. तो कारखाना काढून सुरुवात करत नाही. तो मजूर पुरवतो, दुसऱ्याच्या नावावर काम करतो, इथला माल तिथे पोहोचवतो, छोटं बांधकाम घेतो. म्हणजे कायद्यानं जिथे जिथे 'हे आमच्यात बसत नाही' म्हटलं, नेमक्या त्याच जागी आम्ही उभे आहोत. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायची गरजच पडत नाही. ज्याच्याकडे आधीपासून शेड आहे त्यालाच उद्योजक समजायचं, एवढं पुरतं.

सार्वजनिक खरेदीतलं आरक्षणही असंच आहे. केंद्राचं खरेदी धोरण 2012 चं. मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी ठरावीक हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी 20 टक्के, 2018 पासून 25. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. भाषणात या 4 टक्क्यांवर टाळ्या पडतात. पण त्याच आदेशात पुढे तरतूद आहे की असे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा अटी आणि सर्वांत कमी दर यांत बसले नाहीत, तर हा वाटा इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून घ्यावा. नोकरीत अनुशेष तरी शिल्लक राहतो, त्यावर मोर्चा काढता येतो. इथं अनुशेष नावालाही उरत नाही. एकूण 25 टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे सहज ओलांडलं जातं. 4 टक्क्यांचं गाठलं जात नाही. त्यासाठी 2016 मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब निघालं, प्रशिक्षणं झाली, फोटो झाले. पळवाट मात्र जागेवरच आहे.

आणि हा आदेश बांधकामांना लागू नाही. राज्याच्या खात्यांना, जिल्हा परिषदांना, नगरपालिकांनाही बांधत नाही. आमची वस्ती तर जिल्हा परिषदेच्या हद्दीत!

शेजारी बघा. कर्नाटकानं 2017 मध्ये आपल्या पारदर्शक खरेदी कायद्यात दुरुस्ती लागू केली. 50 लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के कामं राखीव. 2023 मध्ये मर्यादा एक कोटीवर गेली. तिथेही बेनामी चालतं, नाव आमच्या माणसाचं आणि पैसा दुसऱ्याचा, हे मान्य. तरी तिथल्या माणसाच्या हातात कायद्याचं कलम आहे. महाराष्ट्रात, बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, बांधकामांसाठी तसा कायदा नाही. कामवाटप समितीत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांचा आणि मजूर सहकारी संस्थांचा वाटा असतो, पण त्या संस्था कुणाच्या ताब्यात असतात हे मी लिहायला नको.

आता आपल्याच माणसांशी थोडं भांडते.

एक गट म्हणतो, ठेकेदारी म्हणजे टक्केवारी आणि पुढाऱ्याच्या मागे फिरणं. चळवळीनं त्यात पडू नये. मित्रांनो, 29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या होत्या, शिक्षण होतं, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांमधला वाटाही होता. ज्यांना ठेका हा विषय चळवळीला न शोभणारा वाटतो त्यांनी हे निवेदन काढून वाचावं. टक्केवारी आहेच. पण ती आहे म्हणून रस्ते बांधायचे थांबत नाहीत, फक्त आपण बांधत नाही.

दुसरा गट म्हणतो, आपण कंत्राटीकरणाला विरोध करतो, मग ठेक्यात वाटा कसा मागायचा? 2023 च्या सप्टेंबरात नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. विरोध झाला आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. तो विरोध बरोबरच होता. कायम पदाचं काम कंत्राटावर देणं म्हणजे आरक्षण मारणं. पण रस्ता आणि गटार ही कायम पदं कधीच नव्हती. ती कुणीतरी बांधणार आहे.

तिसरा गट सूट घालून येतो. नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा! अरे, व्हायला कोण नाही म्हणतंय? केलेल्या कामाचे पैसे चौदा महिने मिळत नाहीत आणि तुम्ही मानसिकता बदलायला सांगता. मोठ्या कंत्राटदाराला बँक दोन वर्षं सांभाळते. आमच्या पोराला सावकार दोन महिने सांभाळतो, तेही महिना पाच टक्क्यांनी. खासगी कंपन्यांना धाक म्हणून आयकर कायद्यात कलम 43बी(एच) आलं: छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरणार नाही. जिल्हा परिषदेला याचा धाक काय? तिला आयकरात खर्च वजा करायचाच नसतो. 2025 मध्ये जलजीवनच्या थकीत बिलांसाठी राज्यातले कंत्राटदार रस्त्यावर आले, त्यातले बरेच आमच्यापेक्षा कितीतरी भक्कम होते. ते हलले, तर खालचा पोटठेकेदार किती हलला असेल?

मागणी म्हणून तीन गोष्टी रेटायला हव्यात. महाराष्ट्रात बांधकामातल्या राखीव वाट्याचा कायदा. केंद्राच्या 4 टक्क्यांतली 'इतरांकडून भरून घ्या' ही तरतूद रद्द. आणि वस्तीच्या निधीतल्या प्रत्येक कामात पोटठेकेदाराचं नाव कागदावर, त्याचे पैसे थेट त्याच्या खात्यात. तिसरी सगळ्यांत अवघड आहे, कारण तिथे प्रस्थापितांच्या ताटातला घास जातो.

त्या पोराचं काय झालं? आम्ही माहितीचा अधिकार टाकला. मागितलं फार थोडं: त्या कामाची मोजमाप पुस्तिका, मंजूर बिलं आणि पैसे दिल्याच्या तारखा. उत्तर तिसाव्या दिवशी आलं. मुख्य ठेकेदाराचं अंतिम बिल नऊ महिन्यांपूर्वीच निघालं होतं. "वरून निधी आला नाही" म्हणत होता तो.

त्या कागदाची प्रत, सिमेंटच्या उधारीच्या पावत्या आणि फोनवरचे मेसेज जोडून वकिलामार्फत नोटीस गेली आहे. उत्तर अजून नाही. तोवर येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच उद्यम नोंदणी करून घेणार आहोत. मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक घेऊन या. आणि आपल्या वस्तीच्या फलकाचा फोटो काढून आणा.