सोफ्यावर बसणार कोण?

सुटे भाग हवे तसे जोडता येतात असा ‘मॉड्युलर’ सोफा आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. नंदुरबार-शहाद्याच्या नव्या वसाहतींतही तो हप्त्यावर येऊ लागला आहे. घ्यावा, जरूर घ्यावा. साधेपणाच्या नावाखाली बाईच्या सुखसोयींवर काट मारणाऱ्यांपैकी मी नाही. पण घेण्याआधी घरात मोठ्याने विचारावे : यावर बसणार कोण?

कामानिमित्त घरोघरी जाते तेव्हा मला ‘ताई, वर बसा’ म्हणतात. घरातले पुरुष समोर बसतात. सासूबाई खाली, भिंतीला पाठ लावून. आणि जिच्यासाठी मी गेलेली असते ती सून स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. जुन्या घरात सासरे आले की बायका खाटेवरून उठायच्या. खाट गेली, सोफा आला, नियम तोच. ज्या खोलीत तिला बसता येत नाही, तिथे तिने मारहाणीबद्दल तोंड उघडावे अशी अपेक्षा आम्ही कार्यकर्त्या तरी कशी करणार?

बसणे ही क्षुल्लक बाब नव्हे. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे. कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सोबतिणी वर्षानुवर्षे झगडल्या, तेव्हा २०१८ मध्ये कायदा बदलला आणि बसायची सोय करणे मालकांवर बंधनकारक झाले. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केले. घरातल्या मालकांसाठी असा कायदा होणे नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे आढळले. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मग विसाव्याची गरज कुणाला जास्त?

दुकानदार नवऱ्याशी बोलेल. बोलू द्या, तुम्ही बसून पाहा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बैठक सोळा ते अठरा इंच उंच असावी. फार बुटकी नि खोल असली तर गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना उठायला हात द्यावा लागतो. रेक्झिन नको, आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. चेन लावलेली सुती खोळ बरी. ती कोण धुणार, तेही आधीच ठरवा! सुट्या भागांचा खरा फायदा असा, की सगळे टीव्हीकडे तोंड करून मांडावे लागत नाहीत. दोन समोरासमोर ठेवले तर माणसे बोलतात. एक खिडकीशी न्यावा, मुलीने तिथे पुस्तक घेऊन बसावे, आणि पाहुणे आले म्हणून तिला उठवू नये.

लग्नात तर सोफा ‘संसारोपयोगी वस्तू’ म्हणून मागितला जातो. मागून घेतलेला सोफा हा हुंडाच, १९६१ च्या कायद्याने गुन्हा. माहेरच्यांनी आपखुशीने मुलीला दिला असेल तर ते तिचे स्त्रीधन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी ते परत द्यायचा आदेश देऊ शकतात. पण वस्तू तिची हे दाखवायचे कसे, जर बिल नवऱ्याच्या नावाचे? अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईला हे फार उशिरा कळते. म्हणून पावती मुलीच्या नावाने फाडा. भेटवस्तूंची यादी करून त्यावर वधू-वरांच्या सह्या घ्यायच्या असतात, असा १९८५ चा नियमच आहे. तिची एक प्रत माहेरी ठेवा.