माळ्यावरची लक्ष्मी की चांदीची लगड?
मैत्रिणींनो, साठवलेल्या पैशांत जुनं छापील चित्र घ्यावं की चांदीची जुनी लगड? लगडीचा हिशेब सरळ. शुद्धता तपासून, वजन करून सराफ त्या दिवसाच्या भावाने पैसे देतो. जुनेपणाचे जादा देत नाही. मग आपणही देऊ नयेत!

राजा रविवर्मांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला. त्यातली चित्रं घरोघरी पोचली, म्हणून जुनं ते दुर्मिळच असं नव्हे. नकलाही फार. भिंगातून एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतरची छपाई समजा.

तेव्हा अडीनडीचे पैसे चित्रात अडकवू नका. मनापासून आवडलं तरच घ्या. आणि सासूबाईंची लक्ष्मी माळ्यावर असेल, तर भंगारात देण्याआधी भिंग लावा बरं का!